पबमधली नोकरी : लाज कशाची, काळजी कशाची?

गेल्या एप्रिलमध्ये ओळखीच्या एक वहिनी आपल्या धाकट्या मुलीला घेऊन दवाखान्यात आल्या. मुलगी उत्तर इंग्लंडमधल्या एका विद्यापीठात एम.एस्सी. करते. ईस्टरच्या सुटीत थोरल्या बहिणीच्या लग्नासाठी तीन आठवडे घरी आली होती. वहिनींची तक्रार एकच होती. "डॉक्टर, परवा मेंदी आहे आणि हिच्या हातांची ही दशा! तिकडच्या थंडीने पार फुटलेत हो."

मी हात पाहिले. बोटांच्या बेचक्यांत लाल चट्टे, बारीक भेगा, काही ठिकाणी पाणी सुटलेले. थंडीने हात फुटतात ते बहुधा वरच्या बाजूने. बेचक्यांतून आणि अंगठीच्या खालून सुरू होणारे हे दुखणे वेगळे असते. हॉटेलात कपबशा विसळणारी पोरे, चार घरची धुणीभांडी करणाऱ्या बायका यांच्या हातांना ते होते. साबण आणि पाणी यांचे हे इसब. शिवाय उजव्या अंगठ्याच्या मुळाशी टाक्यांचा ताजा व्रण होता. "हा कशाचा ग?" मी विचारले. "कांदा चिरताना कापलं," तिच्याआधी आईनेच सांगितले. मुलगी उजव्या हाताने काम करणारी. सुरी ज्या हातात असते, तोच हात सहसा कापत नाही.

वहिनींना जरा बाहेर बसायला सांगितले. सिस्टर खोलीत होत्याच. मी म्हटले, "बाळ, काम काय करतेस तिकडे?" ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "काका, घरी मी लायब्ररीत काम करते असं सांगितलंय. मी युनिव्हर्सिटीच्या पबमध्ये काम करते. ग्लास पुसताना हातात फुटला. आईला प्लीज सांगू नका."

खोटे कशाला बोलू? माझ्याही कपाळाला आठी पडली. तीस वर्षांच्या दवाखान्यात दारूने जलोदर झालेली पोटे मी पुष्कळ पाहिली आहेत. पब म्हटले की माझ्याही डोळ्यांसमोर गावाबाहेरची परमिट रूमच येते. पण रुग्णाचे गुपित सांभाळणे हा आमच्या धंद्याचा पहिला नियम. मी गप्प राहिलो, मलम लिहून दिले, काळी मेंदी मुळीच लावू नको, साधी मेंदीही भेगा भरल्याशिवाय नको, असे बजावले. त्यानंतर पुष्कळ दिवस या प्रसंगावर विचार करत होतो. आज त्या मुलीच्या परवानगीने, तिची ओळख कळणार नाही अशा बेताने, हे लिहीत आहे. कारण आपल्या जिल्ह्यातूनही आता मुले-मुली कर्ज काढून परदेशी शिकायला जातात, आणि त्यांतली कित्येक असे काहीतरी काम करतात. घरी मात्र सांगत नाहीत.

पब म्हणजे काय?

ब्रिटनमधल्या विद्यापीठांत विद्यार्थ्यांचा संघ असतो, त्याला स्टुडंट्स युनियन म्हणतात. पुष्कळ ठिकाणी हा संघ स्वतःचा बार चालवतो. तिथे दुपारी जेवण मिळते, कॉफी मिळते, संध्याकाळी प्रश्नमंजूषा होते, फुटबॉलचा सामना दाखवतात. शुक्रवार-शनिवारी मोठ्याने गाणी लावून नाच चालतो. गल्ल्यामागे उभी असलेली मुलेही बहुधा विद्यार्थीच. आपल्याकडे महाराष्ट्रात बिअर-वाइनसाठी २१ आणि इतर मद्यासाठी २५ वर्षे वयाची अट आहे. तिकडे १८ व्या वर्षी मद्य विकत घेता येते. तेव्हा तिथल्या लोकांच्या लेखी ही नोकरी म्हणजे आपल्याकडे कॉलेजच्या कँटीनमध्ये काम करण्यासारखीच. त्यात चोरटे काही नाही.

पैशाचा हिशेबही पाहावा. ब्रिटनमध्ये २१ वर्षे आणि त्यावरील कामगाराचे किमान वेतन २०२५ च्या एप्रिलपासून ताशी १२.२१ पौंड ठरले. पदवी व त्यापुढील शिक्षण घेणाऱ्या परदेशी विद्यार्थ्याला सत्र चालू असताना आठवड्याला जास्तीत जास्त २० तास काम करता येते. म्हणजे आठवड्याचे २४४ पौंडांच्या आसपास. ज्या घराने शेताचा तुकडा किंवा राहते घर तारण ठेवून मुलीला पाठवले, त्या घराला ही रक्कम केवढी वाटत असेल ते सांगायला नको.

कष्ट करून शिकण्याची लाज आपण तरी का बाळगावी? कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढली आणि 'कमवा आणि शिका' हा मंत्र महाराष्ट्राला दिला. विहिरी खणून, शेतात राबून, खडी फोडून शिकलेल्या माणसांचा आपण आजही सत्कार करतो. मग ग्लास विसळून शिकणाऱ्या मुलीचे काय चुकले? ग्लासात काय होते एवढेच ना? माझे मत असे, की या नोकरीत लाज वाटण्यासारखे काही नाही. काळजी करण्यासारखे मात्र आहे. आणि आपण लाजेत इतके गुंततो, की काळजी करायची राहूनच जाते.

झोपेची उधारी

पहिली काळजी झोपेची. नाचगाण्याच्या रात्री बार दोन-अडीचला बंद होतो. मग ग्लास गोळा करणे, टेबले पुसणे, फरशी धुणे. खोलीवर पोचायला साडेतीन-चार. सकाळी नऊला तास असतोच. आठवड्यात अशा तीन रात्री झाल्या, की पुढच्या दोन दिवसांत डोके चालत नाही. तरुण माणसाला रात्री निदान सात तास झोप हवी. एखादा दिवस कमी पडली तर शरीर सांभाळून घेते, पण रोजची उधारी सावकारासारखी वसूल होते. चिडचिड, विसराळूपणा, वरचेवर सर्दी-खोकला, पाळी अनियमित होणे, वजन वाढणे किंवा उतरणे, ही सगळी तिची व्याजे.

१९९७ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या डॉसन आणि रीड या संशोधकांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला होता. सलग १७ तास जागा असलेल्या माणसाची हात आणि डोळे यांची जुळणी, रक्तात ०.०५ टक्के मद्यार्क असलेल्या माणसाइतकी बिघडते, असे त्यात दिसून आले. आपल्या मोटार कायद्यात वाहन चालवण्यासाठी ०.०३ टक्क्यांची मर्यादा आहे. म्हणजे सकाळी आठला उठलेली मुलगी रात्री एक वाजता, थेंबही न पिता, हात-डोळ्यांनी जवळजवळ प्यायलेल्या माणसासारखीच झालेली असते. त्याच वेळी तिच्या हातात काचेचे ग्लास असतात. अंगठ्याला टाके पडले यात नवल नाही. तिच्याच सांगण्याप्रमाणे ते पहाटे अडीचला पडले.

झोप मारण्यासाठी ही मुले एनर्जी ड्रिंकचे डबे पितात. २५० मिलिच्या साध्या डब्यात ८० मिलिग्रॅमच्या आसपास कॅफिन असते आणि त्यातले निम्मे शरीराबाहेर पडायलाच सुमारे पाच तास लागतात. मध्यरात्री दोन डबे पिऊन पहाटे झोप येणार कशी? मग छातीत धडधड होते, हात थरथरतात आणि मुलाला वाटते, आपल्याला हृदयविकार झाला.

उपाय कठीण नाही. आठवड्यात दोनपेक्षा जास्त रात्री घेऊ नयेत आणि त्याही लागोपाठ नकोत. उरलेले तास दुपारचे मागून घ्यावेत. ब्रिटनच्या १९९८ च्या कामाच्या वेळेच्या नियमांनुसार सहा तासांपेक्षा जास्त काम असेल तर २० मिनिटांची विश्रांती मिळायला हवी आणि एका दिवसाचे काम संपून दुसऱ्या दिवसाचे सुरू होईपर्यंत साधारणपणे ११ तास मध्ये हवेत. हे माहीत असेल तर मागता येते.

हात, पाय आणि कान

दिवसभर ओले राहणारे हात इसबाला आमंत्रण देतात. ग्लास धुताना रबरी हातमोजे घालावेत, आत घाम येत असेल तर सुती मोजे घालून वर रबरी. काम झाल्यावर हात कोरडे करून साधे व्हॅसलिन भरपूर चोळावे, सुगंधी क्रीम नको. लिंबे चिरून झाल्यावर हात धुवावेत. बिअरच्या नळ्या साफ करायचे औषध बहुधा कॉस्टिकचे असते. ते डोळ्यांत गेले तर बुबुळ जाळते. चष्मा आणि मोजे मिळाल्याशिवाय त्याला हात लावू नये.

सहा-सात तास उभे राहून पोटऱ्या दुखतात, शिरा फुगतात. बूट घट्ट तळाचे, न घसरणारे असावेत. मोजे रोज बदलावेत, नाहीतर ओल्या फरशीवर वावरून बोटांत चिखल्या होतात. पन्नास लिटरचे बिअरचे भरलेले पिंप साठ किलोच्या वर जाते. ते एकट्याने उचलण्याची मर्दुमकी कोणी करू नये. कंबर एकदा गेली की परीक्षेला बसणेही अवघड होते.

आणखी एक धोका तळघरात असतो. तिथे पिंपांना कार्बन डायऑक्साइड वायूच्या नळ्या जोडलेल्या असतात. हा वायू हवेपेक्षा जड, त्याला रंग नाही. गळती झाली तर तो खाली साचतो. आपल्याकडे हळदीच्या पेवात किंवा जुन्या विहिरीत उतरण्यापूर्वी कंदील सोडून पाहायची रीत होती, ती याच जातीच्या भीतीपोटी. तळघरात उतरल्यावर डोके दुखू लागले, धाप लागली, गरगरले, तर ताबडतोब वर यावे. तिथली वायूची सूचना देणारी घंटा वाजत असेल तर आत जाऊच नये. आत कोणी पडलेला दिसला तर धावत जाऊन स्वतः पडू नये, मदत बोलवावी.

आणि कान. ८५ डेसिबलचा आवाज आठ तास सोसणे ही कामाच्या जागेची मर्यादा मानतात. दर तीन डेसिबलला ही वेळ निम्मी होते. या हिशेबाने १०० डेसिबलमध्ये पंधरा मिनिटांतच दिवसाचा वाटा संपतो. नाचाच्या रात्री आवाज इथवर सहज पोचतो. सकाळी कानात शीळ वाजत असेल तर तो इशारा समजावा. कानातले बोळे मालकाकडून मागून घ्यावेत. गोंगाटात ते पुरवणे तिथे त्याच्यावर बंधनकारक आहे.

एक गोष्ट मात्र पूर्वीपेक्षा चांगली झाली आहे. स्कॉटलंडमध्ये २००६ च्या मार्चपासून आणि इंग्लंडमध्ये २००७ च्या जुलैपासून पबच्या आत सिगारेट ओढायला बंदी आहे. दुसऱ्याच्या धुरात रात्र काढण्याची पाळी आता येत नाही.

आणि दारू?

आई-बापांना खरी भीती याची वाटते. मी त्या मुलीला सरळ विचारले. ती म्हणाली, "काका, रोज रात्री दुसऱ्यांच्या उलट्या पुसणारी मुलगी दारूच्या प्रेमात पडत नाही." उत्तर मला आवडले, पण डॉक्टर म्हणून मी ते पुरे मानत नाही. इंग्लंड आणि वेल्समधल्या २००१ ते २००५ या काळातील दारूशी संबंधित मृत्यूंची व्यवसायवार पाहणी झाली होती. त्यात बार चालवणारे आणि बारमध्ये काम करणारे यांचे प्रमाण अगदी वरच्या गटांत निघाले. कारण उघड आहे. वस्तू हाताशी, सोबतीही तेच करणारे आणि काम संपल्यावर दमलेल्या माणसाला 'एक आमच्याकडून' म्हणण्याची पद्धत.

धोका पहिल्या दिवशी नसतो, या शेवटच्या 'एका'त असतो. थकवा घालवायला, मग झोप यावी म्हणून. दारूने डोळा लवकर लागतो हे खरे, पण रात्रीचा उत्तरार्ध तुटक झोपेत जातो आणि सकाळी थकवा दुप्पट. ब्रिटनच्या सरकारी डॉक्टरांनी २०१६ मध्ये आठवड्याला १४ युनिटांची मर्यादा सुचवली. चार टक्क्यांच्या बिअरचा एक पिंट, म्हणजे ५६८ मिलि, सुमारे २.३ युनिटांचा होतो. म्हणजे सहा पिंटांत आठवडा संपला. जागतिक आरोग्य संघटनेने तर २०२३ च्या जानेवारीत स्पष्टच म्हटले, की आरोग्याला निर्धोक असे मद्यपानाचे प्रमाणच नाही.

माझा सल्ला साधा आहे. कामाच्या रात्री प्यायचे नाही. कामाआधी नाही, कामात नाही, कामानंतरही नाही. हा नियम पहिल्याच दिवशी सहकाऱ्यांना हसत सांगून टाकावा. तिथे कोणी जबरदस्ती करत नाही, लिंबू घातलेला सोडा हातात असला की पुरते. ज्याच्या घरात दारूचे व्यसन होऊन गेले आहे किंवा ज्याला स्वतःलाच 'एकावर थांबत नाही' असा अनुभव आहे, त्याने मात्र ही नोकरी धरू नये. विद्यापीठात कँटीन, ग्रंथालय, वसतिगृहाचे कार्यालय अशी इतर कामे शोधावीत, पैसे थोडे कमी मिळाले तरी चालेल.

न केलेला फोन

आता मूळ गोष्टीकडे येतो. त्या दिवशी निघताना मुलीने आणखी एक सांगितले, ते माझ्या मनातून जात नाही. फेब्रुवारीतली रात्र. थंडी, लागोपाठ तिसरी रात्रपाळी, दुसऱ्या दिवशी प्रबंधाची तारीख. काम संपवून पहाटे तीनला ती बसथांब्यावर एकटी बसली आणि रडू आवरेना. छाती धडधडत होती. जगण्यात काही अर्थ नाही असेही मनात येऊन गेले. तिकडे पहाटेचे तीन म्हणजे हिवाळ्यात आपल्याकडे सकाळचे साडेआठ. आई जागी होती, चहा झालेला होता, फोन ओट्यावरच होता. मुलीने फोन हातात घेतला आणि परत ठेवला. कारण आईने पहिला प्रश्न विचारला असता, "एवढ्या रात्री तू बाहेर काय करतेस?"

वाचकहो, पबने त्या मुलीचे जे नुकसान केले ते मलमाने आणि टाक्यांनी भरून येण्यासारखे होते. जीवावर बेतू शकले असते ते या न केलेल्या फोनाने. एक खोटे सांभाळायला दुसरे, कांद्याचे, सांगावे लागले. आणि खरी मदत हवी होती तेव्हा तिला बोलायला जागाच उरली नव्हती. ती जागा बंद करणारे आपण. 'लोक काय म्हणतील' हे तिने सात समुद्रांपलीकडे सोबत नेले होते.

म्हणून आई-वडिलांना माझे सांगणे आहे. मुलगा किंवा मुलगी परदेशी निघाली की कपड्यांबरोबर हेही सांगून पाठवा, की काम कुठलेही कर, पण आम्हाला खरे सांग. मग पहिला प्रश्न 'दारूच्या ठिकाणी?' असा विचारू नका. विचारा, रात्री घरी कशी जातेस, बरोबर कोणी असते का, किती तास झोपलीस, कामाआधी जेवलीस का. दारू प्यालेले गिऱ्हाईक अंगलट येते का, हेही संकोच न करता विचारा. तिथे अशा त्रासापासून कामगाराचे रक्षण करण्यासाठी वाजवी पावले उचलणे २०२४ च्या ऑक्टोबरपासून मालकाचे कायदेशीर कर्तव्य झाले आहे. मुलीने सहन करत बसण्याचे कारण नाही.

विद्यार्थ्यांना सांगणे असे. व्हिसाबरोबर आरोग्यासाठीचा अधिभार तुम्ही भरलेला असतो. पोचल्यावर पहिल्याच आठवड्यात जवळच्या जी.पी. डॉक्टरकडे नाव नोंदवा, ते फुकट आहे. तातडीचा सल्ला हवा तर १११, जिवाचा धोका असेल तर ९९९. मन फार खचले तर ११६ १२३ या क्रमांकावर समॅरिटन्स ही संस्था रात्रंदिवस ऐकून घेते. रात्री काम करून दिवसा झोपणाऱ्याला ऊन मिळत नाही, डिसेंबरात तर तिथे दुपारी चारच्या सुमाराला अंधार पडतो. तेव्हा शरद ऋतूपासून हिवाळाभर रोज १० मायक्रोग्रॅम ड जीवनसत्त्व घ्यावे असा तिथल्याच आरोग्यसेवेचा सल्ला आहे. आपल्यासारख्या सावळ्या वर्णाच्या माणसांनी ते वर्षभर घेण्याचा विचार करावा. शाकाहारी असाल तर ब-१२ तपासून घ्या. आणि आठवड्याला २० तासांची मर्यादा कितीही मोह झाला तरी ओलांडू नका. कायदा म्हणून तर नाहीच, शरीर म्हणूनही नाही.

लग्न पार पडल्यावर त्या मुलीने स्वतःच आईला सगळे सांगितले. वहिनी एक दिवस बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी माझ्याकडे आल्या, थोड्या रागावल्या, "तुम्हाला माहीत होतं ना?" म्हणाल्या. मी हो म्हटले. मग त्यांनी पिशवीतून कागद काढला आणि विचारले, "ते रबरी मोजे कुठले घ्यायचे, लिहून द्या."

मुलगी परत गेली. आता दोनच रात्री काम करते, बाकी दुपारी. हात बरे आहेत. शनिवारी सकाळी साडेसातला वहिनी फोन ओट्यावर, गॅसपासून जरा लांब, ठेवतात. तिकडे तेव्हा पहाटेचे तीन वाजलेले असतात. घरी चालत जाताना मुलगी आईशी बोलत जाते.